घर बांधताना कायदा, नियम आणि विमा : बाईच्या पदरात काय पडतं?



सोयाबीन विकून हातात चार पैसे आले की आपल्या जानेफळ परिसरात बांधकामं सुरू होतात. गटाकडे कर्जाची मागणी येते आणि अर्जावर कारण असतं 'घर बांधकाम'. या प्रत्येक घराच्या दोन्ही बाजूंना आपल्याच बाया असतात. एक घराची मालकीण असते, दुसरी त्याच घरावर घमेलं वाहत असते. मालकीण विचारते, "एवढ्याशा घराले कायचा कायदा?" आणि घमेलं वाहणारी म्हणते, "आमाले कोण देते विमा?" दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. आज दोघींसाठी लिहिते. रुपयांत हिशेब करूनच लिहिते, म्हणजे बैठकीत वाचून दाखवता येईल.

आधी परवानगी

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 चं कलम 52 सांगतं की गावात घर बांधण्याआधी ग्रामपंचायतीची परवानगी लागते. 2021 मध्ये ग्रामविकास विभागाने हे काम सोपं केलं. गावठाणात 3,200 चौरस फुटांपर्यंतच्या घरासाठी नगररचना कार्यालयाच्या चकरा माराव्या लागत नाहीत. 1,600 चौरस फुटांपर्यंत असेल तर मालकीचा कागद, जागेचा आणि घराचा नकाशा, आणि नियमाप्रमाणे आहे असा परवानाधारक इंजिनिअरचा दाखला ग्रामपंचायतीत सादर करायचा. 1,600 ते 3,200 पर्यंत असेल तर ग्रामपंचायत शुल्क भरून घेऊन बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र देते.

म्हणजे खर्च आहे तो नकाशा आणि दाखल्याचा. अनेक घरं हा खर्च वाचवतात. मग पुढे बँकेत कर्जाला गेलं की बँक आधी नकाशा मागते, आणि तोच कागद घाईत, जास्त पैसे मोजून करावा लागतो. सादर केलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. शिक्का आणि तारीख नसेल तर तो कागद दिला असं म्हणता येत नाही.

घर शेतात बांधायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जमीन महसूल संहिता 1966 लागू होते आणि अकृषिकचा प्रश्न येतो. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला यात सवलत आहे. तलाठ्याला विचारल्याशिवाय पाया खोदू नका.

घर कोणाच्या नावावर?

गावात नमुना 8 चा उतारा म्हणजेच मालकी असं आपण समजतो. खरं तर ते घरपट्टीचं रजिस्टर आहे. तरीही त्यावर नाव असणं फार कामाचं, कारण बँक, योजना, वीज जोडणी, सगळीकडे पहिल्यांदा तोच उतारा मागतात. पती-पत्नी दोघांच्या नावाने घराची नोंद करावी असा निर्णय राज्य सरकारने 2003 मध्येच घेतला. तो अंमलात येतो बाईने अर्ज दिला तेव्हाच. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळतं. तुमच्या गावात चौकशी सुरू असेल तेव्हा घरी थांबा आणि नाव बरोबर लागलं का ते स्वतः पाहा.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये तर नियमच आहे. घर पती-पत्नीच्या संयुक्त नावाने किंवा एकट्या बाईच्या नावाने मंजूर करता येतं. साध्या भागात केंद्राच्या योजनेतून 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, घर किमान 25 चौरस मीटर म्हणजे साधारण 269 चौरस फुटांचं हवं. शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी. हप्ते बांधकामाच्या टप्प्यावर, फोटो अपलोड झाल्यावर येतात. ज्या कुटुंबाकडे जागाच नाही त्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला मदत आहे. घरकुलाला 5 ब्रासपर्यंत रेतीचं स्वामित्वधनही माफ आहे, वाहतूक मात्र आपली.

बांधकामाचे नियम, म्हणजे 'कोड'

भारतीय मानक ब्युरोने बांधकामाचे नियम ठरवून दिलेत. काँक्रीटसाठी 'आय. एस. 456' आहे. इंजिनिअरची भाषा वाटते, पण त्यातल्या चार गोष्टी कोणत्याही ताईला उभं राहून तपासता येतात.

पहिली पाण्याची. 1 : 1.5 : 3 या प्रमाणाच्या मालात 50 किलो सिमेंटच्या एका गोणीला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी, म्हणजे 15 लिटरच्या दोन बादल्या. रेती ओली असेल तर त्याहूनही कमी. माल पसरायला सोपा जावा म्हणून मिस्त्री पाणी वाढवतो, पण तेवढाच स्लॅब कमजोर होतो.

दुसरी पाणी मारण्याची. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस. गोणीवर 'पी. पी. सी.' लिहिलं असेल तर ते राखेचं सिमेंट. हे काम बहुतेक घरांत बाईच करते, म्हणून दिवस तिनेच मोजावेत.

तिसरी टेकूंची. भिंतीपासून भिंतीपर्यंत अंतर 4.5 मीटरपर्यंत, म्हणजे जवळपास 15 फुटांपर्यंत असेल तर स्लॅबखालचे टेकू किमान 7 दिवस ठेवायचे. त्याहून जास्त असेल तर 14 दिवस. राखेचं सिमेंट असेल तर यात अजून दिवस वाढवा. सेंट्रिंगवाल्याला पाट्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, म्हणून तो घाई करतो. टेकू लवकर निघाले आणि स्लॅब खाली आला, तर खाली असतात मजूर आणि घरातली लेकरं.

चौथी पायाची. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरूम लागेपर्यंत न्यायला हवा. नाहीतर दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरप्या चिरा पडतात.

हे नियम कशासाठी, ते 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीने दाखवलं. पहाटेच्या भूकंपात हजारो माणसं गेली. बहुतेक जण मातीत रचलेल्या जड दगडी भिंती आणि माळवदाखाली सापडले. जोत्यावर आणि खिडकी-दरवाजावर भिंतींना चारही बाजूंनी बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा, म्हणजे 'बँड', घाला असं इंजिनिअर सांगतो ते याचसाठी. खर्च आहे, पण घर एकदाच बांधतो आपण.

लहान घर सुटतं, म्हणून मालकिणीनेच पाहायचं

बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर घेऊन तो पैसा कामगारांच्या कल्याणासाठी वापरायचा, असा कायदा 1996 मध्ये झाला. स्वतःच्या राहण्यासाठीचं 10 लाखांपर्यंतचं घर त्यातून वगळलेलं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा 50 लाख आहे. म्हणजे आपल्या गावातली जवळपास सगळी घरं सुटली. मालकिणीचे पैसे वाचले, 12 लाखांच्या घराला 12 हजार रुपये. पण सुटलेल्या घरावर सरकारी तपासणीही येत नाही. टेकू किती दिवस राहिले हे पाहायला कोणी अधिकारी येणार नाही. म्हणून वरच्या चार गोष्टी तुम्हालाच पाहायच्या आहेत.

आता घमेलं वाहणाऱ्या ताईचं. लहान घरावर उपकर नसला तरी तिचा हक्क जात नाही. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात 18 ते 60 वयाची, वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केलेली कोणतीही कामगार नोंदणी करू शकते. 90 दिवसांचा दाखला ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतो. मंडळाच्या योजनांत कामावर मृत्यू झाला तर वारसाला 5 लाख, नैसर्गिक मृत्यूला 2 लाख, बाळंतपणाला 15 हजार, सिझेरियन असेल तर 20 हजार, पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला 2,500 रुपये अशी मदत आहे. नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, तेच बहुतेक जणी विसरतात. आणि पाच लाखांतला हिस्सा मागणाऱ्या दलालाला एक रुपया देऊ नका.

ठेकेदाराचीही जबाबदारी आहेच. कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा 1923 पासून आहे आणि आता तो याच संहितेत आला. पण तुम्ही त्या कामावर होता हेच सिद्ध झालं नाही तर भरपाई कशी मिळणार? रोजची हजेरी एका वहीत लिहा. तारीख, साइट, ठेकेदाराचं नाव, मजुरी. गटाची वही आपण चुकत नाही, तशीच हीसुद्धा.

विम्याचा हिशेब

प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपये. वय 18 ते 70. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, अंशतः अपंगत्वाला 1 लाख. जीवन ज्योती विमा वर्षाला 436 रुपये, 18 ते 50 वयात घेता येतो, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर 2 लाख. मात्र नव्याने घेतला तर पहिल्या 30 दिवसांत फक्त अपघाताचाच दावा मिळतो. दोन्ही मिळून 456 रुपये, म्हणजे महिन्याला 38. दोन्ही विम्यांचं वर्ष 1 जून ते 31 मे. मे महिन्यात खात्यात पैसे नसतील तर विमा बंद पडतो, आणि आपल्याला कळतही नाही. अपघात झालाच तर पोलिसात नोंद आणि शवविच्छेदन टाळू नका, दाव्याला तेच कागद लागतात.

घराचाही विमा असतो. 1 एप्रिल 2021 पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी ठेवावीच लागते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप यात येतं. घराचा विमा 5 लाखांचा असेल तर घरातल्या सामानाला आपोआप 20 टक्के, म्हणजे 1 लाखाचं संरक्षण मिळतं. घर मातीचं किंवा टिनाचं असेल तर आधी विचारून घ्या की कंपनी ते घेते का. बँकेने कर्जासोबत विमा मागितला तर कोणत्या कंपनीचा घ्यायचा ते तुम्ही ठरवा, आणि हप्ता कर्जातून कापला का ते पासबुकात बघा.

पैसे कुठून आणायचे? 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. करापूर्वी 300 रुपयांच्या गोणीमागे 30 रुपये कमी. 100 गोण्यांच्या घरात 3,000 रुपये. एका बाईचे वरचे दोन्ही विमे एवढ्यात सहा वर्षं चालतात. दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या, म्हणजे कर किती लागला ते दिसेल.

पुढच्या बैठकीत एवढं करू

ज्या ताईने घर बांधायचं कर्ज घेतलंय तिने नमुना 8 चा उतारा आणावा, नाव कोणाचं आहे ते सगळ्या मिळून वाचू. ज्या ताया बांधकामावर जातात त्यांनी हजेरीची वही, आधार कार्ड आणि बँक पासबुक आणावं. विमा चालू आहे का हे पासबुकातल्या 20 आणि 436 रुपयांच्या नोंदीवरून कळतं. नोंद सापडली नाही तर त्याच दिवशी फॉर्म भरून घेऊ. कर्ज मंजुरीच्या ठरावात 'घर पती-पत्नी दोघांच्या नावाने नोंदवणार' ही ओळ लिहायची का, तेही गटाने ठरवावं. माझं मत विचाराल तर लिहावी. कर्जाचे हप्ते बाई फेडते, मग उताऱ्यावर तिचं नाव का नको?