रीफ टँकसाठी अल्गी स्क्रबर: पुण्यात हा छोटा व्यवसाय चालेल का?



मागच्या व्हिडिओत आपण ‘छंदातून व्यवसाय’ हा विषय घेतला होता. त्यानंतर आमच्या बॅचमधला कोथरूडचा एक तरुण मला भेटायला आला. आयटी कंपनीत सपोर्टचं काम करतो, घरी २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. दीड लाख रुपये बाजूला काढून ठेवलेत. म्हणाला, “सर, नोकरी सोडून मरीन फिशचं दुकान टाकू का?”

मी त्याला विचारलं, “तुझ्या स्वतःच्या टँकमध्ये सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?” तो लगेच म्हणाला, “शेवाळाचा! दोन वर्षं डोकं खाल्लं. मग मी अल्गी स्क्रबर बनवला आणि सुटलो.”

मित्रांनो, धंदा इथेच सापडला होता, पण त्याचं लक्ष मात्र दुकानाच्या बोर्डाकडे होतं. आज आपण हाच व्यवसाय उलगडून बघू. तुमच्या घरी टँक नसला तरी वाचा, कारण हिशोबाची पद्धत कुठल्याही सर्व्हिस व्यवसायाला लागू पडते.

आधी प्रॉब्लेम समजून घ्या

रीफ टँक म्हणजे समुद्राच्या पाण्याची काचेची पेटी. पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, तापमान २५–२६ अंशांच्या आसपास, आणि आत मासे, कोरल, शंख, कोळंबी. आपण माशांना खायला घालतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा पाण्यातच राहते, त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट तयार होतं. समुद्रातल्या कोरलच्या पाण्यात हे दोन्ही अगदी नगण्य असतात. पेटीत ते साचत जातात, आणि मग दगडांवर, काचेवर, कोरलवर हिरवं-तपकिरी शेवाळ चढतं.

थोडक्यात, शेवाळाला खत मिळालं की ते वाढणारच. आपण फक्त ते कुठे वाढायचं हे ठरवू शकतो. अल्गी स्क्रबरची कल्पना एवढीच आहे.

टँकच्या खाली किंवा बाजूला एक खडबडीत जाळी टांगायची. तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा सतत सोडायचा. दोन्ही बाजूंनी जोरदार प्रकाश द्यायचा. जाळीवर शेवाळ धरतं आणि पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट खाऊन वाढतं. दर आठ-दहा दिवसांनी ते खरवडून टाकायचं. शेवाळाबरोबर ते खतही टँकच्या बाहेर जातं.

ही कल्पना कुणा हौशी माणसाचा जुगाड नाही बरं का. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी ती विकसित केली, १९८२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल इथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या रीफ मत्स्यालयात हीच पद्धत वापरली होती. ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर २’ या बंदिस्त प्रयोगातल्या छोट्या समुद्रालाही स्क्रबर होते.

पुण्यात बनवायचा कसा?

सामान सगळं इथेच मिळतं. जाळी म्हणजे भरतकामाची प्लॅस्टिकची जाळी. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात एक चक्कर मारा. एलईडी, टायमर, वायरिंगसाठी तापकीर गल्ली आहेच. पीव्हीसी पाइप कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे, आणि पेटीसाठी अ‍ॅक्रिलिक कापून देणारे साइनबोर्डवाले.

आता मापं. ही लिहून घ्या:

• जाळीचा आकार टँकच्या लिटरवर ठरत नाही, रोज किती खायला घालता त्यावर ठरतो. रोज एक फ्रोझन क्यूब घालत असाल तर साधारण ७५ चौरस सेंटीमीटर जाळी, दोन्ही बाजूंनी प्रकाश. दोन क्यूब असतील तर १५ × १० सेंटीमीटर.

• पाणी: जाळीच्या रुंदीच्या दर सेंटीमीटरला तासाला सुमारे ५० लिटर. म्हणजे १५ सेंटीमीटरला ७५०–८०० लिटर. पाणी वर चढवताना पंपाची ताकद कमी होते, म्हणून पंप १,२०० लिटरचा घ्या.

• प्रकाश: ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी शेवाळाला मानवतात. टायमरवर १२ तासांपासून सुरुवात करा.

• जाळी नवी असताना करवतीच्या पात्याने दोन्ही बाजू चांगल्या खरडून घ्या. गुळगुळीत जाळीवर शेवाळ धरत नाही, धरलं तरी सुटून टँकमध्ये पडतं.

• तांबं, पितळ, जीआय स्क्रू पाण्याच्या आसपास नको. तांबं कोरल आणि कोळंबीला मारतं.

• खारं पाणी आणि वीज एकत्र आहे, तेव्हा ईएलसीबी लावल्याशिवाय एकही जोडणी करू नका. वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही.

पहिले तीन ते सहा आठवडे धीर धरावा लागतो. आधी तपकिरी बुळबुळीत थर येतो, मग हळूहळू हिरवं केसाळ शेवाळ. हिरवंगार आलं की समजा गाडी रुळावर आली. काळपट, डांबरासारखं आलं तर पाण्यात खत जास्त आणि प्रकाश कमी. पिवळं, रबरासारखं आलं तर उलट: प्रकाश जास्त, खत कमी. गिऱ्हाईकाने व्हॉट्सअ‍ॅपवर जाळीचा फोटो पाठवला की निम्मं निदान घरबसल्या होतं.

पहिल्या ऑर्डरला काय झालं?

आपल्या मित्राने पहिला स्क्रबर कर्वेनगरच्या एका गिऱ्हाईकाला ७,००० रुपयांना दिला. सामानाला ६,००० लागले होते. मला फोन करून सांगितलं, “सर, हजार सुटले!”

पाचव्या आठवड्यात गिऱ्हाईकाचा फोन आला. शेवाळ वाढत वाढत पाइपच्या फटीत शिरलं, पाण्याची धार तिरकी उडाली आणि रात्रभर हॉलच्या लाकडी फ्लोअरिंगवर खारं पाणी सांडत राहिलं. गिऱ्हाईकाने जाळी एकदाही साफ केली नव्हती. “तुम्ही सांगितलं होतं, पण राहून गेलं हो,” असं ते काका म्हणाले. फ्लोअरिंग दुरुस्तीचे अर्धे पैसे याने भरले. पंपाची सवय असलेल्या माणसाला वाटलं मशीन लावलं की काम झालं, पण स्क्रबर हे मशीन कमी आणि बाग जास्त. बाग कापावी लागते.

त्यातून तीन बदल केले. पेटीला झाकण आलं. पेटी थेट सम्पच्या वरच बसवायची, म्हणजे सांडलेलं पाणी सम्पमध्येच पडेल. आणि तिसरा बदल सगळ्यात महत्त्वाचा: नुसता स्क्रबर विकायचा नाही, सर्व्हिससकटच द्यायचा.

आता खरा हिशोब

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुम्ही बाजारात फिरून तुमचे आकडे टाका.

सामान: जाळी-पाइप-फिटिंग ६००, पंप १,५००, दोन लाइट १,६००, अ‍ॅक्रिलिक पेटी १,८००, टायमर-वायरिंग ५००. एकूण ६,०००.
तुमचे सहा तास, तासाला २०० धरले तर १,२००.
ये-जा आणि फिटिंग ३००.
वॉरंटीसाठी बाजूला, सामानाच्या १० टक्के: ६००.
एकूण खर्च ८,१०० रुपये.

म्हणजे ७,००० ला विकला तेव्हा हजार सुटले नव्हते, ११०० खिशातून गेले होते! स्वतःच्या वेळेचे पैसे न धरणं ही आपल्याकडची सगळ्यात महाग सवय आहे. हाच स्क्रबर १०,५०० ला द्यायला हवा.

आता सर्व्हिस. दर दहा दिवसांनी एक, म्हणजे महिन्याला तीन फेऱ्या, ९०० रुपये. एका फेरीत काय काय? जाळी काढून नळाखाली खरवडणं, पाइपची फट साफ करणं, नायट्रेट-फॉस्फेट टेस्ट, काढलेलं शेवाळ वजन करून वहीत नोंद. जाण्या-येण्यासकट एक तास. पेट्रोल आणि टेस्ट किटचे महिन्याला १५० धरले तर तीन तासांचे ७५० उरतात. पंधरा गिऱ्हाईकं झाली तर महिन्याला ११,२५०, आणि वेळ ४५ तास.

बघा, हा आकडा नोकरी सोडण्याचा नाही. शनिवार-रविवार आणि दोन संध्याकाळींचा आहे. म्हणून मी त्याला स्पष्ट सांगितलं, “नोकरी सोडू नकोस, दुकान घेऊ नकोस. दीड लाखातले ३०,००० वापर, बाकीचे हात लावू नकोस.”

गिऱ्हाईकाला खोटं सांगू नका

विकताना मोह होतो: “हे लावा, पाणी बदलायची गरजच नाही!” असं बोलू नका. २०० लिटरच्या टँकला दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलायचं तर ४० लिटर, म्हणजे १.४ किलो मीठ. टेस्ट चांगल्या येऊ लागल्या आणि हे काम पंधरा दिवसांवर आलं, तर चार आठवड्यांत ५.६ किलोच्या जागी २.८ किलो मीठ लागेल. ही खरी बचत, ती सांगा. त्याच वेळी वीजही सांगा: २० वॉटचे लाइट १२ तास आणि १५ वॉटचा पंप २४ तास, महिन्याला साधारण १८ युनिट.

कोरलला लागणारं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी स्क्रबर देत नाही, तो डोस वेगळाच. पाण्याला पिवळसर झाक आली तर कार्बन ठेवावा लागतो. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर नेणंही धोक्याचं: कोरल उपाशी राहतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाची चिकट पीडा मागे लागू शकते. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान राहिलं की पुरे. पुण्याच्या उन्हाळ्यात पाणी गार ठेवायचं काम चिलरचंच आहे. टँकरचं किंवा बोअरचं पाणी थेट वापरणाऱ्याला आधी आरओ-डीआय बसवायला सांगा, नाहीतर एका हाताने खत काढायचं आणि दुसऱ्या हाताने ओतायचं असं होईल. आणि हो, गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली तर पंप बंद पडतो, म्हणून स्क्रबरचा पंप इन्व्हर्टरवर घ्यायला सांगा.

एवढं खरं बोललात तर दोन गिऱ्हाईकं जातील, पण राहिलेली वर्षानुवर्षं राहतील.

कायदा: इथे चूक परवडणार नाही

हा भाग दोनदा वाचा. आपल्या मित्राला एका पुरवठादाराने स्वस्तात ‘लाइव्ह कोरल’ देऊ केलं होतं. कागद मागितले तर “कागदाचं काय एवढं” म्हणाला. याने फोन ठेवला, बरं केलं.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये प्रवाळभिंत बांधणारी सगळी कठीण कोरल्स आहेत. काळं कोरल, फायर कोरल, सी-फॅन हेही आहेत. २००१ पासून यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. समुद्री घोडाही त्याच यादीत. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कोरल म्हटलं की आपल्याला अंदमान-लक्षद्वीप आठवतं, पण आपल्या मालवणच्या समुद्रातही कोरल आहेत. तिथून उचललेला एक तुकडाही याच कलमात बसतो. परदेशातून आलेल्या प्राण्यांनाही आयातीचे कागद आणि सायटिसच्या यादीतल्या जातींना परवाना लागतो.

म्हणून तुमचा धंदा पाण्यापुरता ठेवा: उपकरण आणि सर्व्हिस. जीव विकू नका. ज्या टँकमधल्या कोरलचे कागद नाहीत, त्याचं काम घेण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. पुढे माशांत उतरायचंच असेल तर बंदिस्त पैदाशीचा रस्ता धरा. नवी मुंबईत ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनने क्लाउनफिशची हॅचरी उभी केली आहे, ती दिशा योग्य आहे.

बाकी कागदपत्रं सोपी: उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट, शॉप अ‍ॅक्टची सूचना ऑनलाइन.

तुमचा गृहपाठ

१. तुमच्या भागातल्या तीन मत्स्यालयवाल्यांना भेटा. विचारा: “तुमच्याकडे खाऱ्या पाण्याची किती गिऱ्हाईकं आहेत? त्यांची तक्रार काय असते?” दहापेक्षा कमी टँक सापडले तर या धंद्यात पैसे घालू नका.

२. एक स्क्रबर स्वतःच्या किंवा मित्राच्या टँकवर दोन महिने चालवा. दर आठवड्याला टेस्ट आणि शेवाळाचं वजन लिहा. ही वही म्हणजे तुमचं ब्रोशर.

३. वर दिलेला हिशोब तुमच्या आकड्यांनी पुन्हा मांडा. स्वतःचे तास धरायला विसरू नका.

आपला मित्र सध्या सहा गिऱ्हाईकांवर आहे. नोकरी चालू आहे. कर्वेनगरचे ते काका आजही त्याचे गिऱ्हाईक आहेत, आणि नंतरची दोन गिऱ्हाईकं त्यांनीच पाठवली. मी कारण विचारलं तर म्हणाला, “सर, त्या रात्री मी फोन उचलला होता ना.”

तुमचा हिशोब कमेंटमध्ये टाका, निवडक हिशोब पुढच्या व्हिडिओत सोडवू. भेटूया!