आवाज कोठे अडला?

घरच्या घरी गायनवादनाचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या मेजावर, संगणकाला यूएसबीच्या तारेने जोडलेली ऑडिओ इंटरफेस नावाची जी लहानशी पेटी असते, तिचे कार्य मायक्रोफोनकडून आलेल्या क्षीण विद्युत्‌लहरींचे वर्धन करून सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा त्यांचे मापन करणे आणि ती मापे संगणकाच्या हवाली करणे हे होय. आवाज बंद पडला की सॉफ्टवेअर पुसून नव्याने घालण्याची घाई होते. परंतु ध्वनी या मार्गावर नेमका कोठे अडला, याचा तपास आधी करावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष गेला तरी त्याचे कारण अज्ञातच राहते.

प्रारंभ तारेपासून करावा. केवळ चार्जिंगसाठी केलेल्या तारेत माहिती वाहून नेणारे तंतूच नसतात; त्यामुळे पेटीवरचा दिवा लागतो, पण संगणकाला तिचा पत्ताही नसतो. कंडेन्सर माइकला सामान्यतः लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा चालू नसेल, तर निर्दोष माइकही मुका राहतो. विंडोज काय किंवा मॅक काय, माइक वापरण्याची परवानगी त्या त्या प्रोग्रामला दिलेली आहे की नाही, हेही पाहून घ्यावे.

याहून फसवा दोष मापनाच्या गतीचा. ४८,००० च्या गतीने मुद्रित केलेले गाणे ४४,१०० च्या गतीने वाजविले गेले, तर काळी चारमध्ये गायिलेली चीज पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मध्येच कोठेतरी, हार्मोनियमवर न सापडणाऱ्या स्वरात ऐकू येते, आणि दहा मिनिटांचे गायन सुमारे १० मिनिटे ५३ सेकंदांपर्यंत लांबते. गायकाच्या तयारीवर शंका घेण्यापूर्वी इंटरफेस आणि मुद्रणाचा प्रोग्राम या दोन्ही ठिकाणचा आकडा एकच आहे ना, याची खात्री करणे हे गायकाप्रती आपले कर्तव्यच आहे.

आवाजात तडतड होत असेल, तर बफर वाढवावा: २५६ मापांचा बफर ४८,००० च्या गतीला सुमारे ५.३ मिलिसेकंद, तर १,०२४ चा २१.३ मिलिसेकंद विलंब घडवितो. हा दुसरा विलंब गाणाऱ्याच्या कानाला जाचतो. म्हणून मुद्रणाच्या वेळी बफर लहान आणि मिश्रणाच्या वेळी मोठा ठेवणे इष्ट.

अखंड घुमणाऱ्या गुणगुणीचे मूळ बहुधा विजेच्या ५० हर्ट्‌झच्या प्रवाहात असते. लॅपटॉपचा चार्जर काढताच ती थांबली, तर संशय चार्जरवर किंवा अर्थिंगच्या जोडणीवर घ्यावा. सर्व उपकरणे एकाच बोर्डावर जोडून पाहावीत आणि स्पीकरला बॅलन्स्ड तारा वापराव्यात. मात्र गुणगुण घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कदापि मानू नये. ती पिन ध्वनीच्या सोयीसाठी नव्हे, माणसाच्या जीवरक्षणासाठी बसविलेली असते.