रेंडर लावून झोपण्यापूर्वी

माझी भाची आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिनं व्हॉट्सॲपवर एका कोटेशनचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती: ‘मामा, हे बरोबर आहे का? बाबा उद्या ॲडव्हान्स देणार आहेत.’

चोवीस कोरचा आय-नाइन प्रोसेसर. १६ जीबी रॅम, तीही एकाच स्टिकची. ८ जीबीचं ग्राफिक कार्ड. काचेचं कॅबिनेट, त्यात रंगीत दिव्यांचे चार पंखे. मशीनला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसपुढे कंपनीचं नाव नव्हतं, नुसतं ‘५५० वॉट’ लिहिलेलं. मी तिला फोन केला आणि आधी एकच विचारलं, ‘काम कशात करतेस?’ ती म्हणाली, ‘मॉडेल स्केचअपमध्ये. व्ह्यू डी-फाइव्हमध्ये काढते.’

डी-फाइव्ह ग्राफिक कार्डावर चालतं. म्हणजे त्या यादीतला सगळ्यात महाग भाग, तो प्रोसेसर, तिच्या रेंडरच्या वेळी जवळजवळ हातावर हात ठेवून बसणार होता आणि ज्याच्यावर सगळा भार पडणार, त्यावरच काटकसर झाली होती. दुकानदारानं फसवलं असं मला वाटत नाही. ‘रेंडरिंगसाठी चांगलं मशीन द्या’ एवढंच सांगितलं, तर समोरचा सगळ्यात मोठ्या आकड्याचा प्रोसेसर देणारच. प्रश्नच अर्धवट विचारला गेला होता.

पंधरा वर्षं मी इमारतींची थ्रीडी चित्रं करतो. या कामात आपण दोन प्रकारे थांबतो. एक थांबणं हात माऊसवर असतानाचं: मॉडेल फिरवायला जावं आणि ते अडखळत फिरावं, भिंत सरकवावी आणि ती दोन सेकंदांनी सरकावी. दुसरं हात उचलल्यानंतरचं: मॉडेलवरून अंतिम चित्र काढायला रेंडर लावला, आता चहा घ्या, जेवून या, नाहीतर झोपा. या दोन थांबण्यांची कारणं वेगळी आहेत आणि त्यांवर लागणारे पार्टही वेगळे. आपलं कोणतं थांबणं जास्त महाग पडतं, हे ठरवल्याशिवाय कोटेशन मागूच नये असं माझं ठाम मत आहे.

आधी पहिलं थांबणं. एक पोळी लाटायला आठ जणी बसवल्या म्हणून ती लवकर लाटून होत नाही. तिथे एकच हात हवा, पण चपळ. स्केचअप, ऑटोकॅड आणि बऱ्याच अंशी रेव्हिटमधलं मॉडेलिंग असं आहे. भिंत हलली की तिच्यातली खिडकी हलते, मग माप बदलतं. पुढची पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून. चोवीस कोर असले तरी यातलं बरंचसं काम एकाच कोरवर चालतं. म्हणून इथे कोरची संख्या न बघता एका कोरचा वेग बघायचा. मधल्या किमतीचे सहा-आठ कोरचे नवे प्रोसेसर या बाबतीत मोठ्या भावंडांच्या फार मागे नसतात.

रेंडर म्हणजे पंगतीच्या पोळ्या. पोळपाट जितके जास्त तितकं लवकर उरकतं. याचं कारण रेंडरच्या गणितातच आहे. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी प्रकाश एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर कसा जातो हे एका समीकरणात मांडलं आणि ते सोडवण्यासाठी पाथ ट्रेसिंगची रीत दिली. आजची बहुतेक वास्तववादी रेंडर इंजिनं त्याच वाटेनं जातात. चित्राच्या प्रत्येक पिक्सेलमधून किरण सोडायचा, तो भिंतीवर, फरशीवर, काचेवर आपटत कुठे जातो हे बघायचं आणि असे शेकडो किरण सोडून सरासरी काढायची. एका पिक्सेलला शेजारच्याच्या उत्तराची वाट बघावी लागत नाही, म्हणून काम कितीही हातांत वाटता येतं.

किरण कमी पडले की चित्रात दाणे दिसतात. त्याला आम्ही नॉइज म्हणतो. हा नॉइज निम्मा करायचा तर किरण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. शेवटचं थोडंसं स्वच्छ करायला इतका वेळ का जातो, त्याचं कारण हे. हल्ली हे दाणे पुसणारा डिनॉइझर पुष्कळ काम वाचवतो, पण जाळीच्या दारावर किंवा गवतावर तो तपशील पुसून टाकतो, तेव्हा त्याच्यावर सगळं सोपवू नये.

आता आकार बघू. फुल एचडी चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात, फोरकेमध्ये त्याच्या चौपट. ज्युरीसाठी ए-वन शीटभर व्ह्यू १५० डीपीआयला छापायचा म्हटलं तर पावणेदोन कोटींच्या आसपास, म्हणजे फुल एचडीच्या आठपटींहून जास्त. वॉकथ्रूचं, म्हणजे इमारतीतून फिरवणाऱ्या व्हिडिओचं, गणित याहून निर्दय आहे. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर एका मिनिटाला १,८०० फ्रेम. एका फ्रेमला पाच मिनिटं लागली तर दीडशे तास, म्हणजे सहा दिवस आणि वर सहा तास. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात वॉकथ्रू ठरवणाऱ्या प्रत्येक मुलानं हा गुणाकार कागदावर एकदा करावा.

हे वाटलेलं काम करतं कोण, प्रोसेसर की ग्राफिक कार्ड? ते सॉफ्टवेअर ठरवतं. कोरोना हे रेंडर इंजिन सगळा रेंडर प्रोसेसरवर करतं; तिथे तुमच्या ग्राफिक कार्डाला रेंडरमध्ये जवळपास काम नाही. लुमियन, एन्स्केप, ट्विनमोशन, डी-फाइव्ह ही मंडळी ग्राफिक कार्डावर जगतात. व्ही-रे आणि ब्लेंडरचं सायकल्स दोन्हीकडे चालतात, आपण निवडायचं. माझ्याकडे थ्रीडीएस मॅक्स आणि कोरोना चालतं, म्हणून माझ्या मशीनमध्ये १६ कोर, ३२ थ्रेडचा रायझन नाइन आहे आणि ग्राफिक कार्ड साधं. भाचीच्या कोटेशनमधला आय-नाइन माझ्या टेबलावर शोभला असता. तिच्या टेबलावर तोच पैसा वाया.

कार्ड घेताना लोक मॉडेलचा नंबर बघतात. मी आधी त्यावरची मेमरी बघतो, जिला व्हीरॅम म्हणतात. कारण असं आहे. संगमरवराचा ४,०९६ गुणिले ४,०९६ पिक्सेलचा टेक्श्चर तुमच्या फोल्डरमध्ये पाच-सहा एमबीची जेपीईजी असतो. पण कार्डावर तो उघडून बसतो, एका पिक्सेलला चार बाइट या हिशेबानं ६४ एमबी. लाकूड, कापड, गवत, विटा मिळून असे शंभर टेक्श्चर झाले की ६,४०० एमबी तिथेच संपले. इंजिनं यातले काही दाबून ठेवतात हे खरं, पण अजून झाडं यायची आहेत, फर्निचर यायचं आहे, विंडोजचा स्वतःचा वाटा आहे आणि मोठ्या आकाराच्या चित्रालाही जागा लागते. आठ जीबी कधी भरलं ते कळतही नाही. भरलं की रेंडर एकदम मंदावतो किंवा बंद पडतो, आणि तो बहुधा शेवटच्या रात्री पडतो, कारण झाडं आणि माणसं आपण शेवटच्याच रात्री घालतो.

हा धडा मला स्वतःला नुकसान सोसून मिळाला. एका बंगल्याच्या बागेचा व्ह्यू रात्री लावला, सकाळी काळी स्क्रीन आणि एरर. कार्ड वेगवान होतं, सहा जीबीचं. मंद कार्डावर चित्र उशिरा मिळतं. मेमरी पुरली नाही तर मिळतच नाही. म्हणून वेगाच्या एका पायरीवर पाणी सोडून मेमरीची एक पायरी वर चढावी, असं मी प्रत्येकाला सांगतो. आरटीएक्स ३०६० हे २०२१ चं कार्ड १२ जीबीचं होतं, नंतरचं ४०६० आठचंच आलं. नंबर वाढला म्हणजे सगळं वाढलं असं नसतं. आज विद्यार्थ्यानं १२ जीबीच्या खाली जाऊ नये, जमत असेल तर १६ घ्यावं. आणि दोन कार्डं लावली तर मेमरीची बेरीज होते हा समज काढून टाका. प्रत्येक कार्डाला अख्खा सीन स्वतःच्या मेमरीत ठेवावा लागतो. बऱ्याच इंजिनांची घडण एनव्हिडियाच्या कूडा या प्रणालीवर झालेली असल्यामुळे या कामात मी त्याच कंपनीचं कार्ड सुचवतो.

रॅमबद्दल फार बोलायला नको. ३२ जीबीपासून सुरुवात, मोठ्या वसाहतींचे सीन करणाऱ्यांना ६४. दोन स्टिकची जोडी घ्या, म्हणजे मेमरीचे दोन्ही मार्ग चालतात. डीडीआर-फाइव्हच्या चार स्टिक लावल्या की वेग बहुधा खाली आणावा लागतो, तेव्हा पुढे वाढवायचं मनात असेल तर दोन मोठ्याच घ्या. एसएसडीमुळे फाइल लवकर उघडते, रेंडर लवकर होत नाही. एनव्हीएमई असली की पुरे, सगळ्यात महागडी कशाला. मदरबोर्डही प्रोसेसरची वीज न तापता पुरवणारा हवा, त्यावरचे दिवे नकोत.

मला थांबून बोलायचं आहे ते वीज आणि उष्णतेबद्दल. गेमर मशीन दोन-तीन तास पळवतो. रेंडरचं मशीन दहा-दहा तास पूर्ण ताकदीनं चालतं, प्रत्येक कोर शंभर टक्के. मोठा प्रोसेसर एकटा दोनशे वॉटच्या पुढे जातो, मोठं कार्ड त्याहून जास्त. पाचशे वॉटचं मशीन रात्रभर चाललं तर पाच युनिट वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. नागपूर-अकोल्याला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीत हे मशीन लावून झोपलात, तर प्रोसेसर ९५ अंशांच्या आसपास जाऊन स्वतःचा वेग उतरवतो. तुम्ही मोजले पैसे एका वेगाचे, रात्रभर मिळाला दुसराच. काचेच्या बंद तोंडाच्या कॅबिनेटवर माझा राग आहे तो यासाठी. समोर जाळी हवी, जाळीमागे धुळीची चाळण हवी आणि ती दर महिन्याला काढून धुवायला हवी. कोकणात दमट खारी हवा असते, तिथे मशीन उघड्या खिडकीखाली ठेवू नका.

एसएमपीएस हा असा भाग आहे की त्याचं नाव चांगल्या दिवसांत कुणी घेत नाही. प्रोसेसर आणि कार्डाच्या वॉटची बेरीज करा, बाकीच्या सामानासाठी शंभर धरा आणि वर तिसरा हिस्सा मोकळा ठेवा. नावाजलेल्या कंपनीचा, एटी प्लस गोल्डचा घ्या. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात बिननावी एसएमपीएस जातो तेव्हा बरेचदा शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं ते वॉट नव्हेत; तो साधारण ३६० वॉटच पेलतो. रेंडर चालू असताना लाइट गेली तर असा यूपीएस त्याच क्षणी मान टाकतो. चांगल्या एसएमपीएसना शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस मानवतो, एवढंही दुकानात विचारून घ्यावं.

मॉनिटरसाठी बजेटमध्ये जागा ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. संपूर्ण एसआरजीबी दाखवणारा आयपीएस पॅनेल हवा. मॉनिटर खोटं बोलत असेल तर तुम्ही लाल कोब्याचा रंग चुकीचा जुळवणार आणि प्रिंट हातात आल्यावर रडणार.

खरेदीआधी एक फुकटचं काम करता येतं. व्ही-रे आणि ब्लेंडर दोघांचेही बेंचमार्क विनामूल्य आहेत आणि लोकांच्या मशीनचे निकाल उघड बघता येतात. आपल्या इंजिनात अमुक प्रोसेसरपेक्षा तमुक किती पुढे, हे तिथे आकड्यात दिसतं. इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर घेणाऱ्यांनी बायोस अद्ययावत करूनच काम सुरू करावं. जास्त व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत होते आणि २०२४ मध्ये कंपनीनं त्यावर दुरुस्ती दिली. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर आपल्या गावातल्या ओळखीच्या दुकानात, पण प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल नाव कोटेशनवर लिहून घ्या. ‘१६ जीबी कार्ड’ आणि ‘गोल्ड एसएमपीएस’ एवढ्यावर पैसे देऊ नका. जीएसटीचं बिल आणि सीरियल नंबर जपून ठेवा, वॉरंटी त्यावरच मिळते.

भाचीचं कोटेशन आम्ही फोनवरच बदललं. आय-नाइनच्या जागी आठ कोरचा प्रोसेसर, उरलेल्या पैशांत १६ जीबीचं कार्ड, ३२ जीबी रॅम दोन स्टिकमध्ये, जाळीचं कॅबिनेट, ७५० वॉटचा एसएमपीएस. बेरीज जवळपास तेवढीच आली. दुकानदार भला होता; काचेचं कॅबिनेट आधीच काढून ठेवलं होतं, तरी बदलून दिलं.

मशीन घरी आल्यावर मी तिला पहिल्या रात्री नवं काही करू दिलं नाही. जुना सगळ्यात जड सीन, सगळी झाडं चालू, ए-वनचा व्ह्यू आणि पाठोपाठ एका मिनिटाचा वॉकथ्रू. शेजारी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर. काही बिघडणारच असेल तर दुकानदाराला बोलावता येईल अशा आठवड्यात बिघडू दे. सकाळी सात वाजता तिचा फोटो आला. कार्ड ७१ अंश, व्हीरॅम साडेअकरा जीबी भरलेलं, आणि कॅबिनेटच्या जाळीपुढे कुणीतरी वाळत घातलेला टॉवेल. मी लिहिलं, ‘टॉवेल आधी काढ.’