तडा गेलेली भिंत आणि मंडळी

दरवर्षी पावसाळा संपला की महाविद्यालयातील मुलांना घेऊन मी भंडारदऱ्याला जातो. धबधबे पाहून झाले की त्यांना धरणाच्या पायथ्याशी उभे करतो आणि वर पाहायला सांगतो. ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत १९१० साली बांधायला घेतली आणि १९२६ साली ती पुरी झाली. धरणाला विल्सनचे नाव मिळाले, जलाशयाला आर्थरचे. ज्यांनी पाठीवर दगड वाहिले त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत, पण तो विषय निराळा आहे. १९६९ साली या भिंतीला तडे गेल्याचे आणि गळती वाढल्याचे आढळले. पुढच्या काही वर्षांत तिला खालच्या अंगाने जाडजूड आधारभिंती देण्यात आल्या. तो तडा भूकंपाने गेला असे माझे म्हणणे नाही. भिंत थकली हे वेळीच ओळखले गेले, आणि तिला टेकू देण्याची ऐपत व इच्छा शासनाजवळ होती, एवढेच मुलांना दाखवायचे असते.

गेल्या खेपेस एक मुलगी मागे रेंगाळली. उत्तर नगरच्या एका ख्रिस्ती घरातली, घरची पहिलीच पदवीची मुलगी. म्हणाली, "सर, आमच्या गावचं चर्च दगडाचं आहे, शंभर वर्षांच्या वरचं. त्यालाही तडा आहे. भूकंप झाला तर काय होईल? आणि झालं तर बांधून कोण देईल?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानात आहे. दुसऱ्याचे नाही. म्हणून दोन्हींविषयी लिहितो आहे.

आपला दख्खन स्थिर, इथे भूकंप होत नाही, असे फार काळ मानले जाई. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, सुमारे १८० माणसे गेली, आणि शिवाजीसागरासारख्या मोठ्या जलाशयाच्या पाण्याचा भार व जमिनीत मुरणारे पाणी खडकातल्या जुन्या भेगांना हलवू शकते, ही चर्चा जगभर झाली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा धक्का बसला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे मेली. धक्क्याची तीव्रता रिश्टर मापावर सहाच्या थोडी वर होती. अशा धक्क्यात इतरत्र इतकी माणसे मरत नाहीत. मग इथे का मेली? जमिनीने मारले नाही, भिंतींनी मारले.

आपल्याकडच्या जुन्या दगडी भिंतीला दोन पदर असतात, एक बाहेरचा आणि एक आतला. मधल्या पोकळीत कपच्या आणि माती भरलेली असते. बाहेरून पाहणाऱ्याला ती दोन-अडीच फूट जाड, अभेद्य वाटते. प्रत्यक्षात त्या दोन पातळ भिंती पाठीला पाठ लावून उभ्या असतात. जमीन आडवी हलली की मधली भर खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही पदरांना बाहेर ढकलते, भिंतीला पोट सुटते आणि ती फुटते. वर माळवद असेल तर त्यावर दरवर्षी टाकलेली माती आधीच हातभर झालेली असते. ते सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर येते. दगड बेसाल्टचा असतो, तो तुटत नाही. सुटते ती माती. किल्लारीच्या भागात असेही दिसले की गावाबाहेरच्या झोपडीत, पालात किंवा पत्र्याखाली राहणारी माणसे पुष्कळ ठिकाणी वाचली आणि गढी-वाड्यांतली गाडली गेली. आमच्यापैकी काहीजण हे सांगताना आवाजात एक विचित्र समाधान आणतात. मला ते आवडत नाही. गरिबीने जीव वाचला म्हणून गरिबी चांगली ठरत नाही. शिवाय ज्याने पै-पै साठवून नुकतेच दगडाचे घर बांधले होते, तो आपलाच माणूसही त्याखाली गेला.

चर्चची गोष्ट घरापेक्षाही नाजूक असते. घराला आडव्या भिंती असतात, खोल्या एकमेकींना धरून ठेवतात. चर्च म्हणजे एक लांब उंच दिवाणखाना. दोन्ही बाजूंच्या भिंती मध्ये कोणताही आधार नसताना उभ्या असतात. लाकडी कैच्या भिंतीवर नुसत्या टेकलेल्या असतात, बांधलेल्या नसतात. समोरची त्रिकोणी भिंत आणि घंटेचा मनोरा यांना वरच्या बाजूला कोणीच धरलेले नसते, म्हणून आधी ती कोसळतात. कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलचे असेच झाले. १८९७ च्या आसाम भूकंपात त्याच्या शिखराची हानी झाली, आणि १९३४ च्या बिहार भूकंपात मनोरा कोसळला. नवा मनोरा निराळ्या घाटाचा बांधला गेला. शिलाँगचे चर्चही १८९७ मध्ये पडले होते. त्यानंतर त्या भागात जड दगड सोडून लाकडी सांगाडा आणि कुडाच्या हलक्या भिंतींची घरे बांधण्याची रीत रुजली.

यावर उपाय फार महागडे नाहीत. किल्लारीनंतर दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामात ते सांगितले गेले होते. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरतात. जुने गवंडी याच कामासाठी मध्ये मध्ये लांब आडवा दगड घालीत. कंत्राटाच्या घाईत तो गळला. दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीला चारी भिंतींभोवती लोखंडी जाळी व सिमेंटचा सलग पट्टा बांधायचा. कैच्या भिंतीला बोल्टने जखडायच्या. छतावरची माती उतरवायची. आणि सभागृहाचे दुसरे दार, जे बहुधा जुन्या बाकांमागे बंद असते, ते उघडे ठेवायचे. हे शेवटचे काम फुकट होते.

इथपर्यंत मुलीला सांगता आले. दुसऱ्या प्रश्नाशी मी अडखळलो.

माझे वडील १९५६ नंतरच्या बौद्ध घरातले, आई ख्रिस्ती घरातली. नगर जिल्ह्यात अशी घरे अपवाद नाहीत. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले, आणि पुढे विशेषतः दुष्काळांच्या काळात जे लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले ते बहुतेक महारवाड्यातले, पुढे मांगवाड्यातलेही. आमच्या आजोळच्या चर्चला कोणतीही वास्तुकला नाही. काळा दगड, टोकेरी खिडक्या, पत्र्याचे छप्पर, एक घंटा. पण आजी सांगे की तिच्या आजीच्या आयुष्यात पुढच्या दाराने आत जाऊन खाली बसता आले, असे गावातले हे पहिले दगडी घर. देवळाची पायरी बंद, चावडीत उभे राहायचे तेही लांब, विहीर निराळी. आणि इथे दार उघडे. आत गेल्यावर अक्षर मिळे. आजीच्या पिढीची अक्षरओळख त्याच भिंतींच्या आत झाली.

म्हणून "चर्च म्हणजे दगड नव्हे, माणसे" हे वाक्य मला पुरेसे वाटत नाही. धर्मशास्त्र म्हणून ते बरोबर असेल. पण ते सहज उच्चारतात ते लोक, ज्यांना कोणत्याही दारातून कधी हाकलले गेले नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या उंबरठ्याबाहेर ठेवले त्याला उंबरठा म्हणजे काय ते माहीत असते. आपल्या विहारांकडे पाहा. पत्र्याचे का होईना, आपल्या वस्तीत विहार असावे म्हणून माणसे रोजंदारीतून वर्गणी देतात. ती काय नुसती दगडमातीची हौस आहे?

पण याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, आणि ती दूर न्यूझीलंडमध्ये स्पष्ट दिसते. ख्राइस्टचर्च शहरात २२ फेब्रुवारी २०११ रोजी भर दुपारी झालेल्या भूकंपात १८५ माणसे गेली. तिथल्या अँग्लिकन कॅथेड्रलचा मनोरा कोसळला. त्याखाली वीसएक माणसे असतील असे आधी वाटले, सुदैवाने कोणी सापडले नाही. ही इमारत १८८१ साली उपासनेला खुली झाली, आणि तेव्हापासून तिच्या शिखराला वारंवार भूकंपाचे तडाखे बसत होते. १९०१ च्या धक्क्यानंतर शिखराचा वरचा भाग दगडाऐवजी लाकूड व तांब्याचा केला होता. म्हणजे इशारा होता. २०१२ साली तिथल्या बिशपांनी इमारत बहुतांशी पाडून नवी बांधण्याचे ठरवले. त्याला वारसाप्रेमी मंडळी आडवी आली. प्रकरण न्यायालयात गेले. पाच वर्षांच्या वादानंतर, २०१७ मध्ये चर्चच्या प्रतिनिधीसभेने जुनीच इमारत उभी करण्याच्या बाजूने मत दिले. खर्च वाढत गेला, पैसा अपुरा पडला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये काम थांबवण्यात आले.

आणि उपासक? त्यांनी वाट पाहिली नाही. शिगेरू बान या जपानी वास्तुशास्त्रज्ञाने पुठ्ठ्याच्या जाड नळ्या, लाकूड आणि मालवाहू डब्यांतून त्यांना एक तात्पुरते कॅथेड्रल उभारून दिले. ऑगस्ट २०१३ मध्ये ते सुरू झाले, सातशे माणसे त्यात बसतात. ज्या मंडळीला 'तात्पुरते' म्हणून आत बसवले, ती एक दशकाहून अधिक काळ तिथेच भजत राहिली, आणि चौकातला ऐतिहासिक दगड वाद्यांचा आणि वकिलांचा होऊन बसला. ज्यांना ती इमारत पोस्टकार्डावर हवी होती त्यांचे म्हणणे मी खोटे म्हणत नाही. शहराची आठवण शहराचीही असते. पण रविवारी आत बसणाऱ्याचे मत आणि चौकातून जाता जाता पाहणाऱ्याचे मत सारख्याच वजनाचे कसे?

ते श्रीमंत देशातले भांडण झाले. तिथे निदान विम्याचा पैसा होता. आमच्या आजोळच्या चर्चचा विमा कोणी उतरवला? इमारतीचा सातबाराही मंडळीच्या नावावर नाही. मिशनरी गेले, मालमत्ता दूरच्या शहरातल्या विश्वस्तांकडे गेली. गळक्या पत्र्यासाठी अर्ज केला तर उत्तर यायला दोन पावसाळे जातात. मंडळी झाडते, दिवाबत्ती करते, पाळकांना धान्य देते, पण भिंतीत भोक पाडून सळई घालायची तर परवानगी नाही.

आणि पडझड झाल्यावर माणसांच्या घरांचे काय? किल्लारीच्या पुनर्वसनात घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीनाला व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या बागायतदार-जमीनदाराला ७५०. धक्क्याने सपाट केलेली उतरंड कागदावर पुन्हा रचली गेली. त्यात दलित ख्रिस्ती माणसाची आणखी एक अडचण आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणून रमाई आवास योजनेत माझ्या चुलत्याचे नाव लागू शकते, मामाचे नाही. दोघांची घरे एका भिंतीच्या अंतरावर आहेत, आणि गावाच्या लेखी दोघांची जातही एकच आहे. आपल्या चळवळीत काहीजण म्हणतात, त्यांनी धर्म बदलला, त्यांचे त्यांनी पाहावे. धर्म आपणही बदलला आहे, एवढेच मी त्यांना आठवण करून देतो.

त्या मुलीला मी लेखी उत्तर दिले. आधी तडा मोजा, त्यावर चुन्याच्या किंवा काचेच्या पट्ट्या चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी फुटली तर तडा वाढतो आहे. पट्ट्यांचे फोटो काढून विश्वस्तांना पाठवा, पोच घ्या. बाप्तिस्मा व विवाहाच्या जुन्या नोंदवह्या भिंतीतल्या कपाटातून काढा, कारण कित्येक घरांचा त्याहून जुना कागद दुसरा नाही. तज्ज्ञ येऊन भिंत पाहीपर्यंत उपासना अंगणात घ्या.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. पाळकसाहेबांना पटवायला दोन रविवार गेले. म्हाताऱ्या बायका अंगणात बसायला तयार नव्हत्या. "आम्हाला पुन्हा बाहेर बसवता का?" असे एकीने विचारले, आणि मुलीला काय बोलावे ते कळेना. शेवटी बाके बाहेर आणली, घंटा उतरवून लिंबाच्या फांदीला टांगली, आणि चर्चचे दोन्ही दरवाजे सताड उघडे ठेवले, म्हणजे बाहेर बसूनही आतला क्रूस दिसतो. नोंदवह्या तिच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहेत. सहापैकी एक पट्टी फुटली आहे. विश्वस्तांकडून अजून पोच नाही.