खिडक्या बंद, म्हणजे हवा स्वच्छ?

“कारखान्याची धूळ येते, खिडकी लाव!” भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या क्वार्टरांत हे वाक्य कानावर पडतंच. काळजी रास्त आहे. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली आणि आज राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत या शहराचं नाव आहे. पण दिवसभर बंद ठेवलेलं घर स्वच्छ राहतं, हा समज चुकीचा आहे.

जाड धूळ खिडकी अडवते. अतिसूक्ष्म कण मात्र फटींतून आत येतातच. शिवाय फोडणीचा ठसका, गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड, उदबत्ती हे सगळं घरातलंच. एक डासांची कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. ती आपण दारं-खिडक्या लावून, मुलांच्या उशाशी जाळतो! त्यापेक्षा खिडकीला जाळी बसवा आणि तिच्यावर काळपट थर दिसू लागला की धुवा, नाहीतर वारा अडतो.

‘पहाटेची हवा सर्वांत शुद्ध’ हेही थंडीत खरं नाही. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खालीच राहते. वर उबदार थर झाकणासारखा बसतो आणि धूर त्याखाली कोंडतो. ऊन चढलं की तो विरतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत खिडक्या दुपारी उघडाव्यात. मे महिन्यात उलट: रात्री आणि पहाटे उघडा, दुपारी लू आत घेऊ नका.

एकच खिडकी उघडून भागत नाही. समोरासमोरची दोन दारं किंवा खिडक्या उघडा आणि कागदाची पातळ पट्टी धरून पाहा. ती हलली तर वारा वाहतोय. छताजवळचं रोशनदान असेल तर ते मोकळं ठेवा. गरम हवा वर चढून तिथूनच बाहेर जाते. एसी लावताना ते विटांनी बुजवणं मला तरी मोठं नुकसान वाटतं, कारण साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. खिडकीतला कूलर मात्र बाहेरची हवा आत ढकलतो. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवली नाही तर खोली नुसती दमट होते.

हवा शुद्ध करतील म्हणून कुंड्यांतल्या झाडांवर भिस्त ठेवू नका. त्याबाबतचा नासाचा १९८९ चा गाजलेला प्रयोग हवाबंद पेट्यांमधला होता, घरातला नव्हे.

थंडीत कोळशाची सिगडी खोलीत घेऊन कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद खोलीत तो जीव घेतो.