जुन्या पिस्तुलात अडकणारी पुंगळी

परवान्यावर बाळगली जाणारी पुष्कळशी पिस्तुले आज दुसऱ्या अथवा तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत. कोणाकडे ती वडिलांच्या पश्चात आलेली असतात, तर कोणी परवानाधारक विक्रेत्याकडून वापरलेले शस्त्र विकत घेतलेले असते. १९८०च्या दशकात सर्वसामान्य परवानाधारकास परदेशी शस्त्रे आयात करण्याची वाट बंद झाली. त्यामुळे वॉल्थर किंवा वेब्ली बनावटीची जी पिस्तुले आपल्याकडे अद्याप वापरात आहेत, त्यांचे वय सहसा चाळीस वर्षांच्या पुढचेच असते. अशा शस्त्रांबाबत सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार एकच: गोळी सुटते, परंतु रिकामी पुंगळी नीट बाहेर पडत नाही. ती खिडकीत उभी अडकते, कोठीत राहून जाते किंवा पायाशी कशीबशी गळून पडते.

या तक्रारीत दोन भिन्न क्रियांची गल्लत होत असते. कोठीतील पुंगळी मागे खेचून काढणे ही पहिली क्रिया, आणि ती खेचलेली पुंगळी खिडकीतून बाहेर भिरकावणे ही दुसरी. पहिली क्रिया स्लाइडवर बसविलेला एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे एक लहानसा पोलादी आकडा, करतो. तो पुंगळीच्या काठाला धरून असतो. स्लाइड मागे येताना पुंगळीचा तळ विरुद्ध बाजूच्या इजेक्टरवर आदळतो आणि ती बाहेर उडते. पुंगळी कोठीतच राहिली तर संशय आकड्यावर अथवा कोठीवर घ्यावा. ती कोठीतून निघून खिडकीत अडकली, तर स्लाइडचा वेग, इजेक्टर किंवा आकड्याची पकड यांपैकी काहीतरी कमी पडले आहे. एवढा भेद ध्यानी आला तरी निम्मे निदान झाले.

आपल्याकडील बहुतेक खासगी पिस्तुले .३२ बोअरची आहेत. हे काडतूस अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग यांनी सिद्ध केले व १८९९च्या सुमारास बेल्जियममधील एफ.एन. कारखान्याच्या पिस्तुलासमवेत ते प्रचारात आले. या बोअरच्या पिस्तुलांत स्लाइड व नळी यांना जखडून ठेवणारा अडसर सहसा नसतो. वायूच्या दाबाने पुंगळीच स्लाइडला मागे ढकलते. येथेच एक धोका दडलेला आहे आणि त्याची जाणीव फार थोड्यांना असते. अशा पिस्तुलातील आकडा झिजलेला किंवा तुटलेला असला तरी गोळीबार पुष्कळदा सुरळीत चालतो, कारण पुंगळी दाबानेच मागे येते. परंतु न उडालेल्या काडतुसामागे असा दाब नसतो. मालक मॅगझीन काढतो, स्लाइड मागे ओढतो, बाहेर काही पडत नाही, आणि पिस्तूल रिकामे असल्याचे तो गृहीत धरतो. भरलेले काडतूस मात्र कोठीत जसेच्या तसे असते. म्हणून मॅगझीन काढल्यानंतर स्लाइड मागे रोखून कोठीत डोळ्यांनी पाहणे आणि अंधूक प्रकाशात करंगळीच्या टोकाने चाचपणे आवश्यक आहे. पिस्तुलाचे तोंड सदैव सुरक्षित दिशेला व बोट चापापासून दूर असावे. पुंगळी अडकली की माणूस गोंधळतो, हातातले शस्त्र नकळत शेजाऱ्याकडे वळवितो. अपघात अशाच वेळी होतात.

कारणांचा शोध घेताना सोप्याकडून अवघडाकडे जावे. प्रथम काडतुसे पाहावीत. कपाटात दहा-पंधरा पावसाळे काढलेल्या काडतुसांचा जोर ओलाव्याने वा तेलाने कमी झालेला असू शकतो. त्यामुळे स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी इजेक्टरवर पुरेशा जोराने आदळत नाही. परवान्यावर काडतुसांची संख्या मर्यादित असते, म्हणून जुनी काडतुसेच चाचणीत खपविण्याचा मोह होतो. पण त्यातून निघालेल्या निष्कर्षाला काही किंमत नसते. त्यानंतर पकड. मनगट सैल असेल तर स्लाइडबरोबर सगळे पिस्तूलच मागे जाते व स्लाइडचा जोर वाया जातो. तेच पिस्तूल, तीच काडतुसे एखाद्या अनुभवी नेमबाजाच्या हाती सुरळीत चालली, तर दोष शस्त्रात नाही.

मग स्वच्छता. आकड्याच्या खाचेत आणि त्याच्या स्प्रिंगभोवती काजळी व वाळलेले तेल साचून दगडासारखे होते; आकडा मग काठावर नीट बसत नाही. खोबरेल तेल लावण्याची पद्धत काही घरांत दिसते, ती अत्यंत चुकीची आहे. हिवाळ्यात ते थिजते आणि स्लाइडला लगाम घालते. पातळ यंत्रतेलाचा हलका हात पुरेसा होतो. कोठीत गंजाचे खड्डे असतील, तर दाबाने फुगलेली पुंगळी त्यांत रुतते. अशा पुंगळीवर ओरखडे दिसतात.

रिकामी पुंगळी ही उत्तम साक्षीदार असते, पण ती जपून ठेवण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. काठ फाटलेला किंवा ओरबाडलेला असेल, तर आकडा घसरतो आहे. तळावर इजेक्टरची खूण पुसट असेल, तर धडक कमजोर आहे. पुंगळ्या दर वेळी एकाच बाजूला, साधारण एकाच अंतरावर पडत असतील, तर यंत्रणा ठीक समजावी. आकड्याची पकड तपासण्यासाठी स्लाइड उतरवून घ्यावी आणि रिकामी पुंगळी आकड्याखाली सरकवून हलकेच हलवून पाहावी. ती तत्काळ गळून पडली, तर आकडा किंवा त्याची स्प्रिंग बदलण्याची वेळ आली आहे. वॉल्थर पीपी पिस्तुलात इजेक्टर हा स्लाइड मागे रोखणाऱ्या तुकड्याचाच भाग असतो. जुन्या शस्त्रांत त्याची बारीक स्प्रिंग मोडलेली असू शकते.

मोठ्या परतीच्या स्प्रिंगबद्दल मात्र गैरसमज फार. ती थकली की पुंगळ्या अडकतात, असे सरसकट सांगितले जाते. वस्तुतः थकलेल्या स्प्रिंगमुळे स्लाइड अधिक वेगाने मागे येते, पुंगळ्या लांब उडतात आणि सांगाड्यावर घाव बसतात. पुंगळी जवळच गळत असेल, तर आधीच्या मालकाने अधिक ताठ स्प्रिंग बसविली आहे काय, हे पाहावे. आधीच्या हाताने काय केले, याची नोंद कोठेच नसते. वापरलेल्या शस्त्राची खरी अडचण ती हीच. स्प्रिंगचे वेढे कापणे, इजेक्टर कानशीने घासणे असले उद्योग घरी मुळीच करू नयेत. घासलेले पोलाद परत येत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायास स्वतंत्र परवाना लागतो. म्हणून पिस्तूल सोपविण्यापूर्वी कारागिराचा परवाना पाहून घ्यावा. त्याच्याकडे जाताना चार-पाच रिकाम्या पुंगळ्या, त्या वेळी वापरलेले मॅगझीन आणि दोष कितव्या गोळीला आला याची टिपण न्यावी. दोन मॅगझिने असल्यास त्यांवर रंगाचा ठिपका लावून ओळख ठेवावी, कारण दोष एकाच मॅगझिनशी निगडित असल्यास पिस्तूल उघडण्याचे कारणच उरत नाही. दुरुस्तीनंतरची चाचणी मान्यताप्राप्त नेमबाजी मैदानावरच घ्यावी: पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस, मग दोन, आणि ती निर्वेध गेल्यावरच पूर्ण भरलेले मॅगझीन.