आधी कोपरा बघ

शिवडी-लालबागकडे मातीवर कबड्डीचा सामना रंगला, की कडेला बसलेला एखादा म्हातारा चढाईला निघालेल्या पोराला हमखास ओरडतो, "आधी कोपरा बघ!" लहानपणी मला हा आरडाओरडा वाटायचा. चढाईपटूने गडी मारायचा. तो कोपरा काय बघत बसणार? पुढे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आलं की म्हाताऱ्याच्या त्या तीन शब्दांवर तिकडे अख्खी घराणी उभी आहेत. त्यांना ते 'ऑप्शन' म्हणतात.

तिकडचं फुटबॉल म्हणजे बहुतेक वेळ चेंडू हातात घेऊन धडक मारत पुढे सरकण्याचा खेळ. साधा हिशेब असा, की समोरच्या प्रत्येक गड्याला आपल्या एकेका गड्याने अडवायचं. ऑप्शनवाल्यांनी यात खोच काढली. समोरचा एक गडी मुद्दाम मोकळा सोडायचा. क्वार्टरबॅक चेंडू धरून त्याच्यावर नजर ठेवतो. तो बाहेरच थांबला तर आतून घुसणाऱ्या सोबत्याच्या पोटाशी चेंडू द्यायचा. तो आत वळला तर चेंडू आपल्याजवळ ठेवून बाहेरून पळायचं. पुढे दुसरा अंगावर आलाच, तर बाजूने धावणाऱ्या तिसऱ्याकडे तो उडवायचा. मोकळा सोडलेला गडी काहीही करो, चूक त्याच्याच पदरात. १९६०च्या दशकात ह्यूस्टनला बिल योमन यांनी 'वीअर' रुळवली आणि १९६८ साली टेक्सासात एमरी बेलार्ड यांनी 'विशबोन' बसवली. दोन्हींत पर्याय ठरल्या क्रमाने येतात. नंतर रिच रॉड्रिग्ज यांनी रुळवलेल्या 'झोन रीड'मध्ये क्रम आखडला: एकाच गड्याकडे बघायचं आणि द्यायचं की ठेवायचं ते ठरवायचं. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या सैनिकी अकादम्यांना धिप्पाड पोरं फारशी मिळत नाहीत, म्हणून त्यांनी ऑप्शन वर्षानुवर्षं धरून ठेवलं. अंगाने कमी असलेल्याचं हे शस्त्र.

शिवडी-लालबागच्या गिरणगावाला ते वेगळं सांगायला नको. पाळी संपवून मैदानात उतरणारा गडी कुठला धिप्पाड असायला! त्याचं भांडवल म्हणजे हूल.

बोनसची चढाई बघा. समोर सहा किंवा सात गडी असतील, तरच बोनस. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिच्यापुढे आणखी एक मीटरवर बोनस रेषा. एक पाय त्या रेषेपलीकडे टाकायचा आणि मागचा पाय हवेत हवा. म्हणजे चढाईपटू क्षणभर एका पायावर, आणि तो पाय नेमका कोपरारक्षकाच्या हाताशी. आता निवड कोपऱ्याने करायची. तो मागे थांबला, तर गुण रेषेवरच मिळाला. चवडा धरायला झेपावला, तर तोच पाय आखडून त्याच्याच हाताला अंगठा लावायचा आणि घरी यायचं. आणि तो अर्धवट पुढे येऊन थबकला, तर मधल्या रक्षकावर हात मारायला वाट मोकळी होते. तीन पर्याय, क्रम ठरलेला. माझ्या मते हीच आपली विशबोन.

ही चढाई सर्वांत शांतपणे खेळला तो अनुप कुमार. गडी हरियाणाचा, पण २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा यू मुंबाचा कर्णधार म्हणून मुंबईने त्याला आपला मानला. त्या पहिल्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण त्याचेच, १५५. त्याचा वेग फार नव्हता, ताकदही नव्हती. तो वाट बघायचा, इतकंच. पुढच्या वर्षी इराणचा डावा कोपरा फझल अत्राचली त्याच्याच संघात आला आणि यू मुंबा विजेती झाली.

प्रदीप नरवालची डुबकी लोकांना जास्त आवडते. २०१७च्या हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण केले, तेव्हा नाव ठेवायला जागा नाही. पण डुबकीत निवड उशिरा येते: साखळी बंद झाल्यावर तिच्याखालून निसटायचं. पवन सेहरावत वेगावर हात मारतो. तिथे वाचन असतं, पण झोन रीडसारखं, एका नजरेचं. आणि चंदगडकडचा आपला सिद्धार्थ देसाई पकड झाल्यावरही गडी ओढत मध्यरेषेवर यायचा. छाती भरून येते बघताना, पण ते ऑप्शन नव्हे. ते बळ.

नियमांनीही निवड आखडली आहे. पूर्वी दम टिकेपर्यंत चढाई चालायची. आता ३० सेकंद. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर बाद. मग कोपऱ्यालाही ठाऊक असतं की समोरच्याला यावंच लागणार. मोकळा सोडलेला गडी ना आत ना बाहेर असा अधांतरी थांबून राहिला तर क्वार्टरबॅकची जी पंचाईत होईल, तीच इथे. इराणने हे लवकर ओळखलं. २०१६ साली अहमदाबादच्या विश्वचषकात आपण अंतिम सामन्यात त्यांना ३८-२९ हरवलं. दोन वर्षांनी जकार्ताच्या एशियाडमध्ये उपांत्य फेरीत त्यांनी आपल्याला घरी पाठवलं. १९९०पासूनचं आपलं पुरुषांचं सलग सुवर्ण तिथे तुटलं.

आणि हांगझोऊ! ७ ऑक्टोबर २०२३, अंतिम सामना, २८-२८, शेवटची मिनिटं. पवन कुणाला स्पर्श न होताच कडेच्या राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्या मागे इराणचे गडीही. बाद कोण? पंचांचा निर्णय पुन्हा पुन्हा बदलला, खेळ बराच वेळ थांबला आणि अखेर आपण ३३-२९ जिंकलो. सुवर्ण आलं, आनंदच आहे. पण त्या चढाईचा निकाल नियमाच्या पुस्तकाने लावला, चढाईपटूने किंवा कोपऱ्याने नव्हे, ही रुखरुख माझी राहिली.

यंदा वडाळ्याच्या भारतीय क्रीडा मंदिरात किंवा श्रमिक जिमखान्यावर सामने बघायला गेलात, तर मध्यरेषेजवळ गर्दी करू नका. मागे, कोपऱ्याच्या बाजूला बसा. चढाईपटूकडे बघूच नका. कोपऱ्याच्या पुढच्या पायावर नजर ठेवा.